दुपारचं फूल

काशप्पा म्हणाला, गझानिया.
लांबच्या देशाचं आहे, समुद्राकाठचं,
तिकडच्या बागांतून वर्षानुवर्षं टिकतं, उन्हाला भीत नाही.
मी म्हटलं, मग सोलापुरात बरं राहील.
समुद्र तेवढा नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.

होटगी रोडच्या बंगल्यात तो माळीकाम करतो.
तिथल्या कुंपणातून पाहिलं होतं मी :
तांब्याचा रंग, मधे काळं कडं,
कड्यात पांढरे ठिपके, कुणी मोजून टाकल्यासारखे.
त्यानं पुडीतून बी दिलं. केसाळ, फुंकरीनं उडेल इतकं हलकं.
पेरलं. उगवलं.
एक पिवळं आलं, दोन पांढरट,
एक असं गढूळ, की रंगखान्यामागचं गटार.
तांब्याचं एकही नाही.

काशप्पा हसला.
बी दहा ठिकाणचं ऐकून येतं, म्हणाला.
तोच रंग हवा तर बुडातून फुटवा काढायचा,
टाचेसकट.

ओल्या फडक्यात अकरा आणून दिले.
विडीचं पान कापायची कात्री धुतली,
खालची पानं उतरवली.
एकाला कळी होती. तीही खूड म्हणाला,
ठेवलीस तर मूळ धरणार नाही.
खुडली. दिवसभर ती सुपात
तंबाखूशेजारी पडून होती.

सीनेची वाळू चाळून घेतली. खत नाही, चिमूटभरही नाही.
रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं,
डबा खाटेखाली,
वर ओला टॉवेल, काठ चुकलेला, विक्रीला न गेलेला.
दिवाळी होऊन गेली होती.
रात्री पंखा बंद करावा की नको, एवढीच थंडी.

रोज हजार विड्या, आणि रोज एकदा
हात धुऊन वाळू चाचपायची.
हात धुवायला तांब्याभर पाणी,
त्यावरून जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
चार कुजले. तीन वाळले. एक मांजरानं उकरलं.
उरलेल्यांतलं एक हलकेच ओढलं
तर आतून कुणीतरी ओढलं.

माघात फूल आलं. तांब्याचं.
पण ते उघडतं दहाला, चार वाजले की मिटायला लागतं,
आणि हे सातला जातात अक्कलकोट रोडला, रंगखान्यात,
येतात तेव्हा विडी घरकुलात दिवे लागलेले.
यांना रोज दिसायची मिटलेली छत्री.
कसा आहे रंग?
तांब्याचा.
घासलेल्या तांब्याचा?
घासून दोन दिवस झालेल्या.

दुसऱ्या रात्री पिशवीतून सुताचा तुकडा निघाला.
मी दुपारी फुलाला लावून पाहिला. लाल कमी.
परत तुकडा. आता काळं जास्त.
अख्खा फाल्गुन असा गेला.
सात तुकडे खिळ्याला बांधलेले,
मी विड्या वळताना ते वाऱ्यानं हलायचे.

चैत्रात एक दिवस बॉयलर बंद पडला.
साडेबाराला हे दारात, घामानं भिजलेले,
नखांत निळं.
फूल सताड उघडं.
तापल्या फरशीवर उकिडवे बसले,
पाकळी बोटानं उलटून मागची बाजू बघितली,
मी कधी बघितली नव्हती.
मग खिळ्यावरचे तुकडे एकेक करून लावले.

चौथा, म्हणाले.
चौथ्यावर थांबायला हवं होतं,
तू उगाच काळं काळं करत राहिलीस.
आणि भाकरी मागितली. तिथेच, उन्हात.

आता गड्डा फोडायला हवा, पावसाआधी,
नाहीतर मधोमध कुजतं.
एक फोड चिलवेरींच्या पद्मजाला.
एक काशप्पाला. बंगलेवाल्यांनी तिथं फरशी घातली,
त्याच्याकडं आता एकही उरलं नाही.
काल आला होता. मिटलेल्या फुलाकडं वाकून म्हणाला,
रंग तोच ना?

तोच.
डब्यासकट ने, म्हटलं. डबा मात्र परत आण.